घरच्या वर्कशॉपमध्ये मॉडेल इंजिनाचं ओतकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेथ आहे, धातूच्या बारमधून एखादं लहान वाफेचं किंवा स्टर्लिंग इंजिन करून झालंय आणि आता बेड, क्रँककेस स्वतः ओतावं असं मनात आहे, अशा पुण्यातल्या आणि आसपासच्या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. बहुतेकांचा पहिला प्रश्न भट्टीचा असतो. इथे भट्टी मुद्दाम मागे ठेवली आहे. धातू वितळवणं हे या कामातलं सोपं प्रकरण आहे. बिघडलेलं ओतकाम बहुधा वाळूत नाहीतर पॅटर्नमध्येच (वाळूत आकार उमटवणाऱ्या पार्टच्या नमुन्यात) बिघडलेलं असतं.

१. घरी कोणते पार्ट ओतता येतात? अख्खं इंजिन होईल का?

अ‍ॅल्युमिनियममध्ये बेड, स्टँडर्ड (उभा खांब), क्रँककेस, कव्हर, बेअरिंगचे ब्रॅकेट, पेट्रोल इंजिनाचं हेड हे सगळं घरी छान होतं. वाफेच्या इंजिनाचा सिलेंडर गनमेटलमध्ये (तांबं-कथिलाच्या मिश्रधातूत) होतो, पण ती पुढची पायरी (प्रश्न १५). फ्लायव्हील बीडचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, लागतं, ते बाहेरून करून घ्या (प्रश्न १६). क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व्ह ओतण्याच्या भानगडीत पडू नका. सतत झटके खाणारे हे पार्ट स्टीलच्या किंवा ड्युरालच्या बारमधूनच काढावेत. माझा ठोकताळा असा: ठोकळ्यातून कोरताना निम्म्याहून जास्त माल चिप होऊन जमिनीवर पडणार असेल, तरच तो पार्ट ओतायला घ्यावा.

२. माझं वर्कशॉप म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटची बाल्कनी. तिथे जमेल?

साचा बाल्कनीत खुशाल भरा, वाळू तेवढी नाल्यात जाऊ देऊ नका. धातू मात्र तिथे वितळवायचा नाही, आणि गच्चीवरही नाही. काँक्रीटमध्ये ओल मुरलेली असते. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम सांडलं की त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि काँक्रीटचे कपचे गरम धातूसकट उडतात. पार्किंगमध्ये तर शेजारीच पेट्रोलच्या टाक्या. जमीन मातीची हवी, वर दोन इंच कोरडी वाळू पसरलेली हवी आणि मागे सरकायला जागा हवी. धायरी-नऱ्हे किंवा भोसरीकडे ओळखीतल्या कुणाची शेड किंवा गावाकडचं अंगण मिळालं की चेअरमनसाहेबांशी वादही वाचतो.

३. वाळू कोणती? नदीची चाळून घेतली तर?

आपल्याकडच्या नद्यांची वाळू काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते आणि तिच्यात चुनखडीचे कण असतात. चुनखडी तापली की गॅस सोडते आणि कास्टिंगला भोकं पडतात. बांधकामाची क्रश सँडही त्याच दगडाची आणि धुळीने भरलेली. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. तेव्हा सिलिका वाळूच घ्यायची. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात तिच्या खाणी आहेत. पुण्यात फाउंड्रीचं सामान विकणाऱ्यांकडे ती पोत्याने मिळते. लहान पार्टसाठी बारीक वाळू मागा. मोठ्या फाउंड्रीत चालणारी जाड वाळू घेतलीत, तर तिचा खरखरीतपणा जसाच्या तसा पार्टवर उठतो.

चाळताना आणि मिसळताना चांगला मास्क लावा. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

४. वाळू, माती, पाणी यांचं प्रमाण काय?

सुरुवातीला १० किलो कोरड्या वाळूला ८०० ग्रॅम बेंटोनाइट (वाळूला बांधून ठेवणारी चिकणमाती) आणि ३०० ते ४०० मिली पाणी. आधी वाळू आणि बेंटोनाइट कोरडंच नीट मिसळा, मग पाणी शिंपडत, घोळत जा. एकदम ओतलंत तर मातीच्या गुठळ्या होतात. मिसळून झाल्यावर झाकणाच्या बादलीत रात्रभर मुरू द्या आणि सकाळी पुन्हा चाळा. मुरवणं टाळणाऱ्यांच्याच साच्यांच्या कडा ढासळतात, हे आता सांगायचाही कंटाळा आलाय.

परीक्षा मुठीची. मूठभर वाळू दाबली की बेसनाच्या लाडवासारखी वळली पाहिजे, बोटांचे ठसे स्पष्ट उमटले पाहिजेत आणि मधोमध मोडल्यावर दोन स्वच्छ तुकडे झाले पाहिजेत. तुकडे चुरचुरले तर पाणी कमी. तळहात ओला झाला तर जास्त, आणि कमीपेक्षा जास्त पाणी वाईट. मे महिन्याच्या दुपारी भरून ठेवलेला साचा तासा-दोन तासांत वरून वाळतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी भरा आणि लगेच ओता.

वापरलेली वाळू पुन्हा चालते. धातूला लागून काळपट पडलेला थर काढून टाका, कारण त्यातली माती जळून मेलेली असते. तेवढीच नवी वाळू आणि बेंटोनाइट घाला.

५. बेंटोनाइट एक-दोन किलो कुठे मिळेल? मुलतानी माती घातली तर?

मुलतानी मातीची पकड कमी पडते, पैसेही जास्त जातात. इलेक्ट्रिकच्या दुकानांत अर्थिंगच्या खड्ड्यासाठी बेंटोनाइटची पिशवी मिळते, ती चालते. ती साधी बेंटोनाइट असल्याची खात्री करा. मीठ किंवा ग्राफाइट घातलेलं तयार ‘अर्थिंग कंपाउंड’ नको.

६. पॅटर्न थ्रीडी प्रिंट केलेला चालतो का? सागवानाचाच हवा का?

चालतो, पण प्रिंटरमधून निघाला तसा नाही. प्रिंटच्या थरांच्या रेषांत वाळू अडकते आणि पॅटर्न उचलताना साच्याची भिंत घेऊन येतो. गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची पुटी लावा, आधी १२० आणि मग ३२० नंबरच्या पेपरने घासा, वर स्प्रेचे दोन हात द्या. बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत सुटका नाही. ड्राफ्ट, म्हणजे उभ्या भिंतींना दिलेला उतार, लाकडाला १ अंश पुरतो. प्रिंटला २ अंश द्या. आतल्या कोपऱ्यांना २-३ मिलीमीटरची गोलाई हवीच, नाहीतर धातू आकसताना तिथेच तडकतो. एमडीएफ ओल्या वाळूत फुगतो, त्याला वॉर्निशशिवाय वापरू नका.

साचा खालची आणि वरची अशा दोन पेट्यांत भरतात. वाळू चिकटू नये म्हणून पार्टिंग पावडर लागते: शंखजिऱ्याची पूड पुरचुंडीत बांधून पॅटर्नवर आणि दोन पेट्यांच्या मधल्या पृष्ठभागावर झटका.

उचलण्यात खरं कसब. पॅटर्नच्या पाठीत आधीच एक एम४ चा नट बसवून ठेवा आणि त्यात लांब स्क्रू फिरवा. मऊ ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, पॅटर्नच्या कडेने वाळूवर एक ओली रेघ फिरवा. मग पेचकसाच्या मुठीने स्क्रूला चारही बाजूंनी हलके ठोके द्या. कडेला केसाएवढी फट दिसली की थांबा. आता स्क्रू दोन बोटांत धरून सरळ वर. पहिल्या सेंटिमीटरला हात थरथरला तर कड गेलीच समजा. पुढे पॅटर्न आपणच सुटतो.

७. पॅटर्न पार्टपेक्षा किती मोठा करायचा?

दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला आकसण्याचा: अ‍ॅल्युमिनियमला साधारण १.३ टक्के, गनमेटलला १.५, बीडाला १. दुसरा मशिनिंगचा: ज्या बाजूवर टूल चालणार, तिथे लहान पार्टला दीड ते दोन मिलीमीटर. समजा बेडची मशिन केलेली लांबी १०० मिलीमीटर हवी. दोन्ही टोकांना २ धरले की कच्चं कास्टिंग १०४ आणि पॅटर्न साधारण १०५.४.

अपवाद लहान पार्टचा. ५० मिलीमीटरच्या आतल्या पार्टचं आकसणं पाऊण मिलीमीटरसुद्धा भरत नाही, आणि पॅटर्न सोडवताना ठोकल्यामुळे साचा जवळजवळ तेवढाच रुंदावतो. तिथे आकसण्याचा हिशेब सोडून द्या, मशिनिंगचा ठेवा.

८. भोक असेल तिथे प्रत्येक वेळी कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) लागतो का?

नाही. १५-२० मिलीमीटरपर्यंतचं भोक भरीव ओतून ड्रिल करा. सिलेंडरचं वॉटर जॅकेट, मोठी पोकळ क्रँककेस यांना कोअर हवा. वाळूत जवसाचं तेल मिसळून कोअर बॉक्समध्ये भरा आणि २०० अंशांना, तपकिरी होईपर्यंत भाजा. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नको, तो वास आठवडाभर प्रत्येक केकला येतो. दुसरी रीत म्हणजे ३ ते ५ टक्के सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइडचा फवारा द्यायचा. कोअर काही सेकंदांत दगड होतो, पण ओतल्यावर अरुंद जागेतून उकरून काढताना जीव मेटाकुटीला येतो. वॉटर जॅकेटला मी तेलाचाच सुचवेन. दोन्हींत मधून तार ओढून हवेची वाट ठेवायची.

९. धातू कुठून आणू? कोल्ड्रिंकचे डबे वितळवले तर?

डब्यांचा पत्रा इतका पातळ की निम्मा मळीतच (वर तरंगणाऱ्या कचऱ्यात) जातो, आणि तो मिश्रधातू पत्रा ओढण्यासाठी बनवलेला आहे, ओतण्यासाठी नाही. जे आधी ओतलेलं होतं तेच पुन्हा ओतावं. गाड्यांचे जुने पिस्टन उत्तम: सिलिकॉन सुमारे १२ टक्के, साच्यात चांगले वाहतात, लेथवरही सुरेख चालतात. नाना पेठेतल्या गॅरेजवाल्यांकडे किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतात. पिन आणि रिंगा आधी काढा. अ‍ॅलॉय व्हीलचे तुकडेही चांगले, तो माल एलएम २५ या ओतकामाच्या मिश्रधातूच्या जातीचा असतो.

विकतची इन्गॉट (धातूची लादी) घेणार असाल तर सुरुवातीला एलएम २५. एलएम ६ साच्यात पाण्याइतकं सहज जातं, पण मशिनिंगला चिकट आहे, टूलच्या टोकावर गोळा धरतं. भंगारात आणखी एक धोका आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

१०. किती धातू वितळवायचा ते आधी कसं कळणार?

पॅटर्न पातळ पिशवीत घालून मापाच्या भांड्यात बुडवा. पाणी किती मिलीने चढलं त्याला २.७ ने गुणा, तेवढे ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. १२० मिलीचा पॅटर्न म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम. रनर (धातू आत जायची वाट), रायझर (आकसताना भर घालणारा जादा धातूचा खांब) आणि मळी मिळून जवळपास तेवढंच आणखी धरा, म्हणजे ६५० ग्रॅम. धातू अर्ध्यात संपला तर वरून पुन्हा ओतून जोड बसत नाही. उरलेला ओतायला कोरडा, तापवलेला इन्गॉटचा साचा शेजारी तयार ठेवा.

मूस (धातू वितळवायचं भांडं) घेताना लक्षात असू द्या की पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे. ३ किलो पितळाच्या मुशीत अ‍ॅल्युमिनियम जेमतेम १ किलो मावतं.

११. भट्टी कोळशाची, गॅसची की विजेची?

फक्त अ‍ॅल्युमिनियम करायचं असेल तर विजेची. २ ते ३ किलोवॅटची कॉइल, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, तापमान हातात आणि आवाज नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिच्यातला हायड्रोजन धातूत शिरून बारीक भोकं पाडतो (प्रश्न १३). विजेच्या भट्टीत हा त्रास कमी. कॉइल उघडी असते, म्हणून मुशीत सळई घालण्याआधी स्वीच बंद. हे विसरायचं नाही.

गनमेटलपर्यंत जायचं असेल तर गॅस. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर स्वयंपाकासाठीच असतो, तो भट्टीला लावणं नियमबाह्य आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. ५ किलोचा छोटा मोठ्या बर्नरवर थंड पडतो, त्यावर दव धरतं आणि ज्योत मध्येच मरते. कोळसा आणि ब्लोअरने काम होतं, पण धूर आणि ठिणग्या होतात.

अस्तराला सिरॅमिक ब्लँकेट किंवा रिफ्रॅक्टरी कास्टेबल वापरा. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचं मिश्रण व्हिडिओत छान दिसतं, पण काही वेळा तापल्यावर भुगा होतं. साधं सिमेंट काँक्रीट तर अजिबात नको (कारण प्रश्न २ मध्ये).

१२. ओतायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) आणि डिजिटल मीटर घ्या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी. ७०० ते ७४० ला ओतायचं. जाड पार्टला खालचा आकडा, पातळाला वरचा. उजेडात अ‍ॅल्युमिनियम लाल दिसायची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो, तोवर त्याने हायड्रोजन भरून घेतलेला असतो. थर्मोकपलच्या स्टीलच्या नळीला फायर क्लेचा लेप देऊन वाळवा, कारण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम लोखंड खातं. याच कारणाने स्टीलच्या डब्याची मूस करणं वाईट. डबा झिजून एक दिवस भट्टीतच गळतो.

१३. कास्टिंग मशिन केल्यावर आत भोकं निघाली. कशामुळे?

‘भोकं निघाली’ एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. पार्ट मधून कापा आणि भिंगाखाली धरा.

आतून गुळगुळीत, चकचकीत, गोल, वाटाण्याएवढं आणि वरच्या कातडीच्या लगेच खाली? ती अडकलेली वाफ. वाळूत पाणी जास्त, किंवा ठोकणीने फार घट्ट ठोकली, किंवा वाफेला वाट नाही. सायकलच्या स्पोकला टोक काढा आणि वरच्या पेटीतून पॅटर्नच्या सेंटिमीटरभर अलीकडेपर्यंत सगळीकडे टोचून घ्या.

आतून खरबरीत, मळकट, वेडंवाकडं आणि नेमकं जाड-पातळ भागांच्या जोडावर? ते आकसण्याचं भोक. घट्ट होताना अ‍ॅल्युमिनियमचं आकारमान सुमारे ६ टक्के घटतं. ती तूट रायझरने भरून द्यायची असते, म्हणून रायझर पार्टच्या सगळ्यात जाड भागावर, त्याहून जाड हवा. गार झालेल्या रायझरचा माथा पाहा. मधोमध खळगा पडला असेल तर त्याने आपलं काम केलं. माथा सपाट आणि पार्ट खचलेला असेल तर रायझर आधी गोठला, तो वाढवा.

टाचणीच्या टोकाएवढे ठिपके सगळीकडे विखुरलेले? हायड्रोजन. धातू फार तापला, फार वेळ ठेवला, किंवा भंगार तेलकट-ओलं होतं. डिगॅसिंगच्या गोळ्या मिळतात, पण त्यांचा धूर विषारी आहे. घरी त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. स्वच्छ माल आणि कमी वेळ यांवर बरंच भागतं.

वेड्यावाकड्या खड्ड्यात वाळूचे कण दिसले तर साच्याची कड वाहून आली आहे. प्रश्न ४ आणि ६ पुन्हा वाचा.

१४. पावसाळ्यात ओतकाम बंद ठेवायचं का?

साचे भरा, पॅटर्न करा, पण ओतायचं तर कोरडा दिवस आणि पक्कं छप्पर हवं. भर पावसाळ्यात भट्टीचं अस्तर, मूस, इन्गॉट, चिमटे सगळं ओल धरतं. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १७०० पट जागा लागते; ती वितळलेल्या धातूखाली झाली तर धातू तोंडावर येतो. मूस आणि अस्तर आधी मंद आचेवर तासभर तापवा. इन्गॉट भट्टीच्या झाकणावर ठेवून मगच आत सोडा, मळी काढायची सळईसुद्धा आधी तापवा. हा नियम बाराही महिने आहे, पावसात तो मोडणं महागात पडतं इतकंच.

अंगावर सुती कपडे, चामड्याचे बिनलेसचे बूट, पँट बुटावरून खाली, तोंडावर फेस शिल्ड. आग विझवायला कोरड्या वाळूची बादली, पाण्याची नाही. आणि एकट्याने ओतू नका.

१५. घरात पितळेची जुनी भांडी पडून आहेत. त्यांतून वाफेचा सिलेंडर होईल?

आजीची घागर राहू द्या. पितळेतलं जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि ओतायला त्याहून जास्त तापवावं लागतं, त्यामुळे पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. शिवाय गरम वाफेत पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि भिंत सच्छिद्र होते. सिलेंडरला गनमेटल हवं: तांबं ८८, कथील १०, जस्त २.

तांब्याचं स्वच्छ भंगार असेल तर ९०० ग्रॅम तांब्याला १०० ग्रॅम कथील, म्हणजे साधं कासं, हेही सिलेंडरला चांगलं. तांबं १०८५ अंशांना वितळतं. वर लाकडी कोळशाचा थर ठेवा आणि कथील अगदी शेवटी घाला. शुद्ध तांबं तसंच ओतायला जाऊ नका, ते गॅस शोषून फसफसतं.

१६. फ्लायव्हील घरी बीडात का नको?

बीड ११५० ते १२०० अंशांना वितळतं आणि ओतायला आणखी दीडशे-दोनशे अंश वर न्यावं लागतं. घरच्या अस्तरांना, मुशींना आणि माणसांना ते झेपत नाही. इतक्या कष्टाने ओतलेला पातळ भाग लवकर गार होऊन पांढरा, काचेइतका कडक निघतो आणि टूल मोडतो, ते वेगळंच.

मजबूत लाकडी पॅटर्न करून भोसरीतल्या जॉब फाउंड्रीत द्या. कोल्हापूरला जाणं होत असेल तर शिरोली, गोकुळ शिरगावला पर्याय भरपूर. १ टक्का आकसणं, मशिनिंगला ३ मिलीमीटर, आणि एफजी २०० ही बीडाची ग्रेड मागा. एकच नग कुणी आनंदाने घेत नाही, दोघा-तिघांचे पॅटर्न एकत्र न्या. रिम जाड आणि आरे बारीक असतील तर आकसताना आरे तुटू शकतात. जुन्या फ्लायव्हीलचे वक्र आरे निव्वळ शोभेचे नव्हते, वाकल्यामुळे ते हा ताण सोसतात.

१७. भंगारातला तुकडा मॅग्नेशियमचा नाही ना, हे कसं ओळखू?

काही गाड्यांची कव्हरं आणि हलकी अवजारं मॅग्नेशियमची असतात. ती भट्टीत पेटली तर पाण्याने भडकतात. तुकडा हातात जास्तच हलका लागला तर कानशीने चकचकीत करून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे उठले तर बाजूला काढा. अ‍ॅल्युमिनियम शांत बसतं.

१८. हवेवर गार होणाऱ्या सिलेंडरच्या फिन ओतताना भरत नाहीत. तापमान वाढवू?

वाढवून फारसा उपयोग नाही. ३ मिलीमीटरपेक्षा पातळ फिन वाळूच्या साच्यात भरवशाची नसते. सिलेंडर भरीव ओता आणि फिन लेथवर ग्रूव्हिंग टूलने कापा.

१९. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलेंडरमध्ये बीडचा लायनर (आत बसणारी नळी) ओततानाच बसवता येईल का?

करता येतं, पण लायनर तापवलेला आणि अगदी स्वच्छ नसेल तर धातू त्याला धरत नाही, मध्ये फट राहते आणि उष्णता बाहेर जात नाही. नंतर गरम करून बसवणं बरं. ३० मिलीमीटरच्या बोअरला ०.०४ मिलीमीटर घट्टपणा ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा भाग १८० अंशांना तापवला की बोअर सुमारे ०.११ ने मोकळा होतो आणि गार लायनर हाताने खाली जातो. एकदाच आणि सरळ सोडायचा, मध्ये अडकला तर बाहेर निघत नाही.

गोम पुढे आहे. अ‍ॅल्युमिनियम बीडाच्या दुपटीने प्रसरण पावतं. इंजिन चालून दोन्ही भाग १५० अंशांच्या आसपास गेले की हा ०.०४ चा घट्टपणा जवळजवळ संपतो आणि लायनर फिरू किंवा सरकू शकतो. म्हणून लायनरच्या वरच्या टोकाला दीड-दोन मिलीमीटरची कॉलर ठेवा, तिच्यासाठी सिलेंडरमध्ये खाच घ्या आणि हेड त्या कॉलरवर दाबून बसेल असं मशिन करा.